संदेष्टे आणि समोरचे काका

शनिवारची सकाळ, पनवेलचा धो धो पाऊस आणि हातात चहा. अशा वेळी २६ जुलै २००५ हमखास आठवतो.

आम्ही तळमजल्यावरचा फ्लॅट बुक केला, तेव्हा समोरच्या चाळीतल्या एका काकांनी बजावलं होतं, "अहो, इथं भाताची खाचरं होती. भराव घातलाय. पाणी आपली वाट विसरत नाही." मी पडलो इंजिनियर! हसून सोडून दिलं. त्या रात्री घरात कमरेएवढं पाणी आणि आजोबांच्या वह्यांचा लगदा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचतोय. त्यात अगब नावाचा एक संदेष्टा आहे. त्याने अंत्युखियात सांगितलं, मोठा दुष्काळ येतोय. ऐकणाऱ्यांनी वाद घातला नाही, ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदियातल्या बांधवांना मदत पाठवली. पुढे कैसरियात त्याने पौलाच्याच कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून दाखवले : यरुशलेमेत गेलास तर तुझं असं होईल. सगळे रडले. पौल तरी गेला आणि पकडला गेला. पण तो किंमत समजून गेला. मी तर ऐकलंच नव्हतं!

आता प्रश्न असा, की खरा इशारा ओळखायचा कसा? पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘डिडाखे’ या छोट्या ख्रिस्ती पुस्तिकेत याची चक्क टेस्ट केस आहे. संदेष्टा स्वतःसाठी पैसे मागू लागला तर तो खोटा. गरजूंसाठी मागितले तर त्याला दोष देऊ नका. शिकवतो तसं वागत नसेल, तरी खोटाच.

आपल्याकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. हरित वसईसाठी उभे राहून त्यांनी बागा, विहिरी आणि बिल्डरांबद्दल जे सांगितलं, ते अनेकांना नकोसं होतं. यात त्यांचा स्वतःचा फायदा काय? शून्य. २०२४ मध्ये ते गेले. मी वाचतोय ते ‘सुबोध बायबल’ त्यांचंच.

हीच परीक्षा मी तेव्हा लावायला हवी होती. फ्लॅट विकणाऱ्याला माझ्या होकारातून पैसे मिळणार होते. काकांना काय मिळणार होतं? उलट वाईटपणाच.

त्या रात्री आम्ही चौघं काकांच्याच खोलीत झोपलो. "सांगितलं होतं ना" असं ते तेव्हा म्हणाले नाहीत, नंतरही कधी नाही. काका आता नाहीत. "तुमचं बरोबर होतं" हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.