पंचाचे माप

सर्वांत एकाकी माणूस कोण असे मला कोणी विचारले, तर मी क्रिकेटच्या पंचाकडे बोट दाखवीन. अकरा इकडचे, अकरा तिकडचे. त्याच्या बाजूचे मात्र कोणीच नाही! तोंडाने ‘पंचांमुखी परमेश्वर’ म्हणायचे आणि निर्णय विरुद्ध गेला की त्याला चष्मा घ्यायला सांगायचे, ही आपली रीत.

लहानपणी आमच्या वाडीत एक गृहस्थ रविवारी पंच म्हणून उभे राहत. चेंडू यष्टींवरच जाणार अशी बालंबाल खात्री पटल्याशिवाय ते कोणालाही पायचीत देत नसत. आम्ही गोलंदाज चडफडत असू. पण ज्याच्या मालकीची बॅट त्यालाही तोच न्याय, आणि त्यांच्या मुलालाही तोच. त्यांच्यानंतर आलेल्या पंचांची नजर अधिक तीक्ष्ण होती. पण मन मऊ. धाकट्यांना एक जीवदान, बॅटवाल्याला दोन. महिन्याभरात वाडीत मारामाऱ्या सुरू झाल्या!

पुढे यंत्रे आली. २००८ साली भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत निर्णयाच्या फेरतपासणीचा पहिला प्रयोग झाला. तरीही चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागेल असे यंत्राने दाखवले, तर पायचीताबाबत मैदानावरील पंचाचाच शब्द कायम राहतो. तसाच चेंडू एकाला बाद करतो, दुसऱ्याला वाचवतो. लोक चिडतात. मला वाटते, यंत्रही जिथे माणसावर सोपवते, तिथे माणसाकडे एवढेच मागावे: बाबा रे, सकाळचे माप संध्याकाळी बदलू नकोस.

मग उदारपणाला खेळात जागाच नाही का? आहे, पण ती खेळाडूपाशी. १९८० साली वानखेडे मैदानावर पंचाने इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिले. कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावले. टेलर-बोथम जोडीने १७१ धावांची भागी केली आणि भारत हरला. विश्वनाथने पदरमोड केली होती. पंचाची दया म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

हे पंचपण आईबापांनाही सुटलेले नाही. धाकट्याने कप फोडला तर ‘लहान आहे तो’, आणि थोरल्याने फोडला तर धपाटा. कप कोणता होता हे मुले विसरून जातात. माप बदलले होते, हे विसरत नाहीत.