थंडीत ग्रास कटर चालू होत नाही? आधी प्लग खोलून बघा



आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांवर येतो. द्राक्षबागेची काळजी असतेच, पण त्या दिवसांत मळ्यामळ्यातून आणखी एक रड ऐकू येते. "सकाळी दोरी ओढून ओढून खांदा गळतो, अन् दुपारी तेच मशीन एका झटक्यात चालू होतं."

शेजारच्या मळ्यातला एक पोरगा आहे. स्वतःचा 35 सीसीचा फोर-स्ट्रोक ब्रश कटर घेऊन लोकांच्या बागेतलं, बांधावरचं गवत तासावर कापून देतो. त्याचं घर त्या मशीनवर आहे. गेल्या थंडीत रोज सकाळी 25-30 वेळा दोरी ओढायची वेळ त्याच्यावर आली. पहिला तास असाच जायचा आणि मालक त्या तासाचे पैसे देत नाही. एका मेकॅनिकनं सांगून टाकलं, "रिंग-पिस्टन गेलं, खर्च करण्यापेक्षा नवीनच घे." पोरगा कर्ज काढायच्या विचारात होता. म्हटलं, थांब, उद्या सकाळी मशीन थंडगार असतानाच घेऊन ये. गरम करून आणू नको. थंडीतली खोड थंडीतच सापडते.

पहिल्यांदा रिंगचा संशय काढला. स्विच बंद ठेवून दोरी हळू ओढायची. ठरावीक जागी हाताला चांगला रेटा लागला तर कॉम्प्रेशन आहे. त्याच्या मशीनला दणकून रेटा होता. शिवाय गरम झाल्यावर एका ओढीत चालू होणारं आणि दिवसभर पूर्ण ताकदीनं गवत कापणारं मशीन रिंग गेलेलं कसं असेल? एवढा विचार केला तरी निम्मा खर्च वाचतो.

आता मुख्य गोष्ट. चोक लावून 6-7 वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग खोलून बघा. प्लग ओला आहे की कोरडा, इथं दोन वाटा फुटतात.

प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. प्लग पुसा, काजळी काढा, गॅप तपासा. या छोट्या इंजिनाला साधारण 0.6 ते 0.7 मिमी गॅप चालतो, तरी आपल्या मशीनचं पुस्तक बघून घ्या. मग प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा, रबरी टोपी धरून दोरी ओढा. ठिणगी निळी, टणक हवी. हे करताना सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा. पेट्रोल जास्त झालं असेल तर प्लग काढलेला असतानाच स्विच बंद करा, चोक उघडा आणि 5-6 वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल बाहेर निघून जातं.

इथं ऑईलचाही संबंध येतो. बरेच जण ट्रॅक्टरचं उरलेलं जाड ऑईल यात ओततात. थंडीत ते काकवीसारखं होतं, इंजिन जड फिरतं. या मशीनला बॅटरी नाही. फ्लायव्हीलमधलं चुंबक जेवढं जोरात फिरेल तेवढी ठिणगी चांगली. इंजिन हळू फिरलं की ठिणगी मेली. म्हणून 10डब्ल्यू-30 सारखं पातळ ऑईलच घाला, तेही खुणेपर्यंतच.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. त्या पोराचा प्लग खडखडीत कोरडा निघाला. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून चोक लावून हवा अडवतो आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. गरम इंजिनात वाफ आपोआप होते, थोड्या पेट्रोलवरही ते चालू होतं. दुपारी दोष का लपतो ते यावरून कळेल.

एअर फिल्टर काढून चोकची पट्टी बघितली, पूर्ण बंद होत होती. रबरी बल्ब दाबला, पेट्रोल दिसलं, बल्बला चीर नव्हती. टाकीतलं फिल्टर मात्र काळं झालेलं. मग कार्बोरेटर खोलला. आतला पातळ पडदा, ज्याला डायफ्राम म्हणतात, तो कपड्यासारखा मऊ हवा. याचा पापडासारखा कडक झालेला. इंजिन ओढतं तेव्हा हा पडदा हलतो आणि पेट्रोलची सुई उघडतो. तोच कडक झाला तर सुई पुरती उघडतच नाही. थंडीत तो आणखी ताठतो. पडद्याचं किट आणि फिल्टर मिळून दोनशेच्या आत काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या ओढीला मशीन चालू.

चालू होतंय पण चोक काढला की बंद पडतं, असं असेल तर बहुतेक कार्बोरेटरचं बारीक भोक तुंबलेलं असतं. क्लीनर मारून हवेनं साफ करा. तार घालू नका, भोक मोठं झालं तर कार्बोरेटर कायमचा बिघडतो. आणि प्लगच्या भोकात पेट्रोल ओतून चालू करायची सवय सोडा, भडका उडाला तर हात-तोंड भाजतं.

आता पेट्रोलविषयी. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच ऊस-मक्याचं ते इथेनॉल, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते हवेतला ओलावा धरतं आणि थंडीत त्याची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. त्यात पेट्रोल महिनाभर उघडझाप होणाऱ्या कॅनमध्ये पडून राहिलं, तर लवकर पेटणारा हलका भाग उडून जातो. उरतं ते थंडीत पेटत नाही. म्हणून पंधरा दिवसांपुरतंच आणा, झाकण घट्ट ठेवा. टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑईल मिसळलेलं पेट्रोलही साठवू नये.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरल्यासुरल्या पेट्रोलवर मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पडदा जास्त दिवस टिकतो.

पोरानं कर्ज काढलं नाही. आता त्याच्या डब्यात एक पाना, एक जुनी टूथब्रश आणि एक जादा प्लग असतो, आणि कुणी "रिंग गेली" म्हणालं की तो आधी प्लग खोलायला सांगतो.