द्रोणाचे किती?

नेरळहून कळंबकडे जाताना पोशीर लागतं. मे महिन्यात या भागात करवंदं घेतलीत कधी? करवंदं राहू द्या हो, तो द्रोण बघा! पळसाला पानं तीनच, त्यातलं मधलं मोठं, जवळजवळ गोल. त्याचा शंकू वळायचा, एक काडी टोचायची, झालं. गोंद नाही, टेप नाही. वरून उघडा, त्यामुळे फळाला घाम फुटत नाही. असे शंभर द्रोण मुंबईच्या एखाद्या गॅलरीत टांगले तर 'इन्स्टॉलेशन' म्हणून बघायला आपणच जाऊ.

हिदेयुकी ओका या जपानी डिझायनरचं पाच अंडी कशी बांधावीत या नावाचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. भाताच्या पेंढ्यात एकाखाली एक बांधलेली अंडी! हे सगळं नाहीसं होतंय म्हणूनच त्याने ते गोळा केलं होतं. डिझायनर मंडळी आजही ते पुस्तक मानतात.

इथे मावशी पैसे घेतात ते फक्त करवंदांचे. पानं तोडणं, वळणं सगळं फुकट. "द्रोणाचे किती?" विचारलं तर हसल्या, "पानाचे कसले पैसे?"

शेजारच्या गिऱ्हाइकाने पिशवी मागितली. २०१८ पासून राज्यात बंदी असलेली ती पातळ पिशवी मावशींनी टोपलीखालून काढली. ती मात्र त्या विकत आणतात.