फडताळातले गाणे

जुन्या तबकड्या ऐकण्याचा नाद असलेला माणूस मोठा शांत असतो, अशी लोकांची उगीचच समजूत असते. खरे म्हणजे तो गाण्यापेक्षा पावलेच अधिक ऐकतो. जिना कोण चढले, कपाट कोणी ओढले, शेजारच्या खोलीत पोरे उड्या तर मारणार नाहीत ना, इकडे त्याचा एक कान सदैव लागलेला असतो. ज्या गाण्याने घर आनंदात राहावे, त्याच गाण्याच्या पायी घर टाचा उचलून चालू लागते. यात दोष माणसांचा नाही आणि गाण्याचाही नाही. दोष द्यायचाच तर तो सुईच्या तिखट कानांना द्यायला हवा.

किल्लीचा जुना ग्रामोफोन याबाबतीत पैलवान होता. त्याचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भाराने तबकडीवर दाबून बसे. घरात कोणी नाचले तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली आणि हा दांडगेपणा संपला. तिच्यावरची चर जवळजवळ केसाएवढी बारीक. तीत फिरणाऱ्या सुईवर भार अवघा दोन-तीन ग्रॅमांचा. गवई हळुवार स्वर लावतो, तेव्हा सुईची हालचाल मिलिमीटरच्या एक सहस्रांशापेक्षाही लहान असते. एवढ्याशा हालचालीचे ज्या यंत्राने गाणे करायचे, त्याला आपल्या पायांचा हादरा म्हणजे भूकंपच की! पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. तोवर सुई फक्त डावीउजवीकडची हालचाल ऐकत होती, ती आता वरखालचीही ऐकू लागली. आणि पावलाचा हादरा नेमका वरखालीच असतो.

आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जमीन लाकडी तुळयांवर टेकलेली. खोलीच्या मध्यावर माणूस चालला की ती नकळत वाकते आणि पुन्हा सरळ होते. भिंतीलगत ती कमी वाकते, कारण तिथे तुळईला भिंतीचा आधार असतो. हे ठाऊक असल्यामुळे टर्नटेबलचे टेबल मी पहिल्यापासून कोपऱ्यात ठेवले होते. स्पीकर त्याच्यापासून दूर, वाटण्या झालेल्या भावांसारखे. एकाच टेबलावर ते नांदू लागले, तर स्पीकरचा आवाज टेबल हलवतो, टेबल सुईला हलवते, सुई तोच आवाज पुन्हा स्पीकरकडे पाठवते आणि शेवटी गाणे बाजूला राहून नुसती हूऽऽ अशी आरोळी उठते.

शौकीन मंडळी आणखी एक उपाय सांगतात. सायकलच्या ट्यूबमध्ये अर्धवट हवा भरायची, तिच्यावर कडप्प्याची जड लादी ठेवायची आणि लादीवर यंत्र. मी तेही केले. फ्रिजची घरघर खरोखरच बंद झाली. पावले मात्र अधिकच जाणवू लागली! याचे कारण मजेदार आहे. स्प्रिंग असो वा हवेची गादी, तिची स्वतःची एक झुलण्याची गती असते. वजनाखाली स्प्रिंग एक सेंटिमीटर दबली, तर ती सेकंदाला सुमारे पाच वेळा झुलते. चार सेंटिमीटर दबली, तर अडीच वेळा. या गतीच्या जवळजवळ दीडपट किंवा त्याहून जलद असलेला कंपच ती अडवू शकते. सेकंदाला दोनअडीच पावले टाकणारा माणूस तिच्या तालाच्या अगदी जवळ येतो. मग ती त्याला अडवायचे सोडून त्याच्याबरोबर फुगडीच घालू लागते.

अमेरिकेतल्या एडगर व्हिल्चर यांनी १९६१ साली काढलेल्या टर्नटेबलमध्ये यावर मोठी सुरेख युक्ती होती. तबकडीचे फिरते ताट आणि सुईचा दांडा ही दोन्ही त्यांनी एकाच पट्टीवर बसवली आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तोलली. एका झोपाळ्यावर शेजारीशेजारी बसलेली दोन माणसे कितीही झुलली तरी एकमेकांना स्थिरच दिसतात ना? तसेच हे. तबकडी आणि सुई बरोबरच हलली, तर हादरा बसल्याचे सुईला कळतच नाही. पेटीवर हातोडी मारली तरी गाणे चालू राहते, असे प्रात्यक्षिक ते यंत्र विकताना दाखवीत. परंतु हातोडीचा ठोका निराळा आणि आमच्या माडीची सावकाश वाकणारी जमीन निराळी.

या जमिनीवरून माझी आई रोज चालते. तिचे वय पंच्याऐंशी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हातात काठी आली. घरातल्या बहुतेक तबकड्या तिच्याच. माझ्या वडिलांनी तिच्यासाठी एकेक करून आणलेल्या. पण काठीच्या टोल्याने सुई उडते हे तिच्या एकदा ध्यानात आले आणि तिने मनाशी काहीतरी ठरवून टाकले. तबकडी लागली की ती माजघरातच बसून राही. मी हाक मारली, तर म्हणे, "बाजू संपली की येते रे. इथूनही ऐकू येतं." एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटे. ती संपेतो बहुधा तिला डुलकी लागलेली असे.

एके रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी हादऱ्यांची परीक्षा घ्यायला बसलो. ही परीक्षा फार सोपी आहे. तबकडी फिरवायची नाही; थांबलेल्या तबकडीवर नुसती सुई टेकवायची आणि स्पीकरचा आवाज वाढवायचा. मग सुई गाणे ऐकत नाही, घर ऐकते. त्या रात्री मी आमचे घर ऐकले. गल्लीतून जाणारी रिक्षा. शेजाऱ्यांनी ओढून घेतलेले दार. आणि मग एक ठोका, त्यामागून दोन पावले. पुन्हा ठोका, पुन्हा दोन पावले. आई पाणी प्यायला उठली होती. आवाज जवळजवळ येत गेला आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबला. गाणे काही लागलेले नव्हते. तरी ती थांबली. थोडा वेळ सुईला काहीच ऐकू आले नाही. मग तोच ठोका आणि तीच पावले, पण कितीतरी हलकी, दूर दूर गेली.

सकाळी मी तिला म्हटले, "आई, हे टेबलच इथून हलवायला हवं. पण या घरात न हलणारी जागा आहे तरी कुठली?"

ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "फडताळात ठेव की. माझ्या सासूबाई विरजण तिथंच लावायच्या. तुम्ही पोरं दिवसभर धावायचात. दुसरीकडे कुठं ठेवलं तर दही मोडायचं. फडताळातलं कधी मोडलं नाही."

मी थक्क झालो. ज्याच्यासाठी मी गणिते मांडली, ट्यूबा फुगवल्या, ते माझ्या आजीला दह्याने शिकवले होते! वाड्याच्या भिंती दीड हात जाडीच्या. त्या जमिनीबरोबर वाकत नाहीत. फडताळ त्याच भिंतीच्या पोटात. सुताराला बोलावून त्याची दारे काढली, मधली फळी हलवली आणि खालच्या खणात कडप्प्याची लादी चांगली सपाट बसवून घेतली. यंत्र तिच्यावर ठेवले आणि रात्री पुन्हा थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली. नातवाला मुद्दाम कॉटवरून उडी मारायला लावले. असे काम त्याला आयुष्यात प्रथमच मिळाले होते, तेव्हा त्याने ते मन लावून केले. सुई गप्प. एकच नवा आवाज मात्र ऐकू येऊ लागला: टिक, टिक. त्याच भिंतीवर आमचे लंबकाचे घड्याळ होते. ते समोरच्या भिंतीवर गेले.

अगदी निर्दोष जागा हवीच असेल, तर तीही आहे. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. सोबत सुईही दिली आहे. तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. त्यांतले पहिले यान २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची वेस ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले. तिथे जिना नाही, रिक्षा नाही, उड्या मारणारा नातू नाही. पण ती भैरवी ऐकायलाही तिथे कोणी नाही. माणसे नकोत म्हटले की हादरे आपोआप थांबतात. त्यासाठी अक्कल लागत नाही. माणसे चालती-बोलती ठेवून सुईला तेवढे सांभाळायचे, हीच खरी विद्या. आमच्या घरात ती दह्याबरोबर चालत आली.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुतळी बॉम्बपुढे फडताळाचीही मात्रा चालत नाही, हे खरे. त्या रात्री आम्ही तबकडी लावीतच नाही. बाकीचे दिवस आई संध्याकाळी काठी टेकीत खुशाल आत येते, खुर्चीत बसते आणि स्वतःच सांगते, "ती दुसरी बाजू लाव." विलंबित संपून द्रुत सुरू झाले की तिला राहवत नाही. हातातली काठी ती समेवर जमिनीवर आपटते, चांगली जोरात. लाकडी जमीन दणकते, टीपॉयवरची कपबशी खणखणते, आणि फडताळातले गाणे आपल्या लयीत पुढे जात राहते.