एकाच धावेवर दोन मोटा

आपल्या शाळेच्या कपाटातील जुन्या जनरल रजिस्टरांचे मोल इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्हास नेहमीच वाटत आले आहे. राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळ आहेत. परंतु ज्या घरांत जन्माची तारीख कोणी लिहून ठेवली नाही, जेथे मुलाचे वय 'बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी झाला' असे सांगितले जाई, त्या घरांतील मुलाचे नाव, गाव, तालुका आणि जन्मतारीख प्रथमच शाईने लिहिली गेली ती शाळेच्या रजिस्टरात. पुढे नोकरी, जातपडताळणी, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक पायरीवर त्याच एका ओळीचा उतारा मागितला जातो. कागद मात्र जीर्ण होत चालला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ही सर्व पाने स्कॅन करून संगणकात जतन करावीत असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले.

त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एक नवा संगणक दिला. तो तयार बांधणीचा नव्हता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून आपल्याच वसतिगृहात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने तो जोडला होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात, म्हणून पाचवीपासून तो येथे राहिला. पुढे आयटीआय करून आता लातूरला दुरुस्तीची कामे करतो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्यालाच ते नको आहे. यंत्रात रायझन ३ ३२००जी हा प्रोसेसर, प्रत्येकी ८ जीबीच्या दोन रॅमपट्ट्या आणि एक एसएसडी होती. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नव्हते. शाळेच्या कामाला त्याची गरजही नव्हती.

यंत्र सुरू झाले, पण चालीला मंद. पत्र टंकणे सुरळीत होई. मात्र स्कॅन केलेले पान मोठे करून पाहू लागले की चित्र तुकड्यातुकड्यांनी उमटे, आणि दोन पाने शेजारी उघडली की पडदा अडखळू लागे. येथे एक हिशेब सांगितला पाहिजे. ए-फोर आकाराचे रंगीत पान इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले, तर त्यात सुमारे ३ कोटी ४८ लाख बिंदू येतात आणि ते उघडताना रॅममध्ये १०० एमबीहून अधिक जागा व्यापतात. अशी चार-पाच पाने एकदम हाताळायची, तर स्मृतीच्या वेगाला महत्त्व येते.

शिक्षक कक्षात चर्चा सुरू झाली. 'कंपनीचाच घ्यायला हवा होता', असे कोणी म्हणाले. 'जोडलेल्या यंत्राचा काय भरवसा?' असे दुसऱ्याने म्हटले. बोलता बोलता गोष्ट तेथपर्यंत गेली, की नव्या पट्ट्यांच्या जागी जुन्या तर बसविल्या नाहीत ना, अशी शंका एका पालकाने उघड बोलून दाखविली. त्या क्षणापासून हा प्रश्न केवळ यंत्राचा राहिला नाही. पुराव्यावाचून एका मुलाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवले गेले होते, आणि ज्याच्या घराण्यात यंत्राला हात लावणारा तोच पहिला, त्याच्या नावाला लागलेला असा डाग सहजी पुसला जात नाही.

आम्ही वर्गात मुलांना सांगतो, की एका साधनावर विसंबून निष्कर्ष काढू नये. आपल्याच जिल्ह्यातील तेरचे उदाहरण आम्ही देतो. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'तगर' या व्यापारी नगराचे नाव येते. पण नाव आले एवढ्याने अभ्यासकांचे समाधान झाले नाही. तेरच्या पांढरीतून निघालेली नाणी, मणी आणि मृण्मये ग्रंथाशी ताडून पाहिली गेली, तेव्हा तगराचे चित्र उभे राहिले. यंत्राच्या बाबतीतही खोक्यावरील छापील आकडा म्हणजे एक प्रशस्ती. राजाच्या प्रशस्तीप्रमाणे तीही तपासूनच घ्यावी लागते.

प्रथम आम्ही टास्क मॅनेजर उघडले. पान उघडताना एसएसडीवर फारसा भार दिसत नव्हता. म्हणजे साठवणुकीचा दोष नव्हे. १६ जीबीपैकी निम्मीही रॅम वापरली जात नव्हती. म्हणजे जागा अपुरी होती असेही नव्हे. एकूण रॅम १६ पेक्षा थोडी कमी दिसते म्हणून एका सहकाऱ्याने शंका काढली, परंतु त्यात वावगे काही नाही. ग्राफिक्स कार्ड वेगळे नसले की प्रोसेसर पडद्यावरील चित्रासाठी मुख्य स्मृतीतूनच काही भाग राखून ठेवतो. तात्पर्य, स्मृती पुरेशी होती. ती संथ चालत होती. वेगाच्या रकान्यात आकडा होता २१३३, आणि पट्टीच्या खोक्यावर छापले होते ३२००.

हा फरक पाहताच शंकेखोर मंडळींना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. आम्ही मात्र त्या विद्यार्थ्याला फोन केला. पुढच्या रविवारी तो एस.टी.ने कळंबला आला.

त्याने सीपीयू-झेड नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम चालविला. त्यात पट्ट्यांचा निर्माता, प्रकार आणि त्यांच्यात नोंदविलेला ३२०० चा वेग, सारे दिसले. पट्ट्या नव्या होत्या, घेतल्या त्याच होत्या. शंकेचा पहिला भाग तेथेच संपला. त्याच प्रोग्रामात चालू वेग १०६६ दिसतो हे पाहून एकजण पुन्हा चमकला. तेव्हा मुलाने समजावले, की ही स्मृती घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देते, म्हणून १०६६ ची दुप्पट २१३३, दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. खाली आणखी एक नोंद होती: मार्ग एकच. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, पट्ट्या शेजारी-शेजारी बसल्यात. त्या दिवशी शेवटची गाडी गाठायची होती, घाईत मीच तशा बसवल्या." कोणी विचारण्याआधी त्याने हे सांगितले, याची नोंद आम्हास येथे करावीशी वाटते.

शेजारी बसविल्याने काय बिघडते, हे आम्ही पुढे मुलांना विहिरीच्या उदाहरणाने सांगितले. आपल्याकडे पूर्वी विहिरींवर एक, दोन, चार अशा मोटा चालत आणि प्रत्येक मोटेला बैलांची स्वतंत्र धाव असे. मोटा दोन असूनही धाव एकच असेल, तर एक मोट वर येईपर्यंत दुसरीने थांबावे लागेल. विहिरीत पाणी असून थारोळ्यात ते एकाच मोटेच्या मानाने पडेल. संगणकाच्या मदरबोर्डावर रॅमसाठी चार खाचा असल्या, तरी प्रोसेसरकडे जाणारे मार्ग दोनच असतात, आणि प्रत्येक मार्गावर लगतच्या दोन-दोन खाचा असतात. दोन्ही पट्ट्या लगतच्या खाचांत बसविल्या की दुसरा मार्ग रिकामा पडतो. त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात, असे या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत आकृतीसह दिले होते. पुस्तिका खोक्यात थर्माकोलखाली तशीच कोरी करकरीत पडून होती.

त्याने यंत्र बंद केले, वायर काढली, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरून उरलेली वीज जाऊ दिली, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरविली आणि मगच पट्ट्या काढल्या. दुसऱ्या व चौथ्या खाचेत त्या 'टक्' असा आवाज येईपर्यंत सारख्या दाबाने बसविल्या. यंत्र सुरू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला. अशा वेळी घाबरून वीज तोडू नये. स्मृतीची मांडणी बदलली की यंत्र तिची नव्याने जुळवणी करते, त्याला अवधी द्यावा लागतो.

आता मार्ग दोन झाले, पण वेग २१३३ च राहिला. हा भाग कोणाच्याच घाईचा नव्हता. डीडीआर-४ स्मृती पहिल्यांदा सुरू होताना जेडेक या मानक ठरविणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे, १.२ व्होल्टवर, सावध वेगाने चालते. खोक्यावरील ३२०० हा आकडा अशा अनेक पट्ट्यांच्या बाबतीत वेगळ्या नोंदीत असतो. तिला एक्सएमपी म्हणतात, आणि त्यासाठी बहुधा १.३५ व्होल्ट लागतात. बायोसमध्ये जाऊन ती नोंद आपण स्वतः चालू करावी लागते. पट्टीत क्षमता असते, पण परवानगी दिल्यावाचून ती वापरली जात नाही. मुलाने डिलीट कळ दाबून बायोस उघडले, एक्सएमपी चालू केले आणि यंत्र ३२०० वर धावू लागले. पाने झरझर उघडली. टाळ्याही पडल्या.

तो मात्र थांबला नाही. "सर, वेग आला म्हणजे काम झालं असं नाही. स्मृती चुकत नाही ना, हे रात्रभर तपासावं लागेल." स्मृती ताणली गेली आणि कोठे एखादा बिंदू चुकीचा लिहिला गेला, तर यंत्र तत्काळ बंद पडेलच असे नाही, फाईल गुपचूप बिघडते. सहा महिन्यांनी उघडावी तर अर्धे पान दिसते आणि खाली राखाडी पट्टा. जेथे एकेका ओळीवर कोणाचे निवृत्तिवेतन अवलंबून आहे, तेथे असा वेग काय कामाचा?

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावले. पहिल्या रात्री वीज गेली आणि चाचणी अर्धवट राहिली. दुसऱ्या रात्री वसतिगृहाच्या इन्व्हर्टरवर यंत्र घेतले. पहाटे पाहतो तो पडद्यावर चुकांच्या लाल ओळी. तेव्हा त्याने प्रोसेसरच्या निर्मात्याची कागदपत्रे काढली. या प्रोसेसरला अधिकृत मान्यता २९३३ पर्यंतच्या वेगाची आहे. त्यापुढे यंत्र चालले तर चालले. प्रोसेसरच्या नावातील ३२०० आणि पट्टीवरील ३२०० यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हेही तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले. वेग २९३३ वर आणून पुन्हा रात्रभर चाचणी घेतली. चारही फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. तोच वेग आजही कायम आहे.

हिशेबच मांडायचा, तर एका मार्गावर २१३३ च्या वेगाने सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १७ जीबी माहिती जाऊ शकते; दोन मार्गांवर २९३३ ने सुमारे ४७ जीबी. प्रत्यक्षात सर्वच कामे पावणेतीनपट जलद होत नाहीत. पत्र टंकताना हा फरक जाणवतही नाही. पण मोठी चित्रे, चित्रफिती आणि ग्राफिक्स कार्ड नसलेले यंत्र या ठिकाणी तो डोळ्यांना दिसतो. आमचे काम त्याच प्रकारचे होते. मुख्य म्हणजे यासाठी एक रुपयाही लागला नाही आणि एकही भाग बदलावा लागला नाही.

ज्या पालकांनी शंका घेतली होती, त्यांना आम्ही बोलावून सारे दाखविले. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळा, माझ्या पोरीचा लॅपटॉपपण बघ जरा." त्यात एकच पट्टी होती व दुसरी खाच रिकामी होती. तशीच दुसरी पट्टी बसविल्यावर तोही सुधारला.

तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिल्यावर 'मंद' हा शब्द आम्ही जपून वापरतो. दाखल्यावर, प्रगतिपुस्तकावर तो लिहिणे सोपे असते. परंतु कोणाला कोठे बसविले आहे, किती मार्ग मोकळे ठेवले आहेत आणि पुढे जाण्याची मुभा दिली आहे की नाही, हे पाहिल्यावाचून तो शब्द लिहू नये. त्याचबरोबर झेपेल त्यापलीकडे ताणून टाळ्या मिळवू नयेत, हेही त्या लाल ओळींनी सांगितले. यंत्राची पारख करतानाही हे दोन्ही सांभाळावे लागले. मुलांच्या बाबतीत तर ते अधिकच सांभाळले पाहिजे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या गावच्या शाळेला, वाचनालयाला, विहाराला संगणक देत असाल तर जरूर द्या. पण सोबत एका कागदावर पाच गोष्टी लिहून द्या: रॅमपट्ट्या कोणत्या खाचांत आहेत, मार्ग एक की दोन, खोक्यावरील वेग किती, प्रत्यक्ष चालणारा वेग किती आणि स्मृतीची चाचणी कोणत्या तारखेला झाली. माहितीपुस्तिका फेकू नका. आपल्या संगणक कक्षात असा कागद त्या विद्यार्थ्याच्या अक्षरात दाराच्या आतील बाजूस लावलेला आहे. आठवीची मुले तो वाचतात आणि शनिवारच्या तासाला आकडे ताडून पाहतात. रजिस्टरांची बरीच पाने अजून स्कॅन व्हायची आहेत. ज्यांना सवड असेल, त्यांनी एखाद्या रविवारी यावे. यंत्र सज्ज आहे.