रूडीची आई



सोळा वर्षांचा मुलगा कामाला जातो सांगून निघतो आणि चोरून डोंगर चढतो. घरी आई वाट बघत असते. हिचा नवराही त्याच डोंगरावर गेला होता, तो परत आलाच नाही. 'बॅनर इन द स्काय' ही इंग्रजी कादंबरी मुलांसाठी लिहिलेली आहे, पण मी ती या आईसाठी वाचली.

जेम्स रॅमझी उलमन या अमेरिकन लेखकाने ती 1954 मध्ये लिहिली. स्वतः गिर्यारोहण केलेला माणूस. तेनसिंग नोर्गे यांची जीवनकहाणीही त्यानेच शब्दांत उतरवली. कादंबरीतला काळ 1865 चा, देश स्वित्झर्लंड. त्या वर्षी 14 जुलैला मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा सात माणसं पोहोचली आणि उतरताना त्यातली चार गेली. उलमनने त्यावरूनच 'सिटाडेल' हे काल्पनिक शिखर रचलं.

रूडी हॉटेलात भांडी घासतो. त्याचे वडील योसेफ गावातले नामांकित वाटाडे होते. सिटाडेलवर पाय मोडलेल्या साहेबाजवळ ते थांबले, त्या थंडीत अंगातला लाल शर्ट काढून त्याला घातला. योसेफ गारठून गेले. गाव त्यांना थोर म्हणतं. खरंच थोर. पण त्या शर्टाची किंमत भरली ती घरात मागे राहिलेल्या बाईने. लेखकाने तिला फार कमी पानं दिली आहेत, हे मला खटकलं. मुलाने डोंगराच्या नादी न लागता हॉटेलचा धंदा शिकावा, एवढंच ती मागते. यात तिचं काय चुकलं?

पुढे रूडी सिटाडेलच्या मोहिमेत जातोच. शिखर अगदी जवळ आलेलं असताना शेजारच्या गावचा वाटाडा साक्सो पडून जखमी होतो. हा साक्सो म्हणजे हेकट, मानी, आपल्याच गावाला मान मिळावा म्हणून पुढे पळालेला. रूडी शिखर सोडतो आणि त्याला खाली आणतो. वडिलांचा लाल शर्ट वर जातो तो दुसऱ्यांच्या हातून.

दशलक्षणात मार्दव आणि त्यागावर आपण किती प्रवचनं ऐकतो! मान कषाय म्हणजे काय, ते साक्सोत दिसतं. आणि अनुकंपा आवडत्या माणसापुरती नसते, हे रूडीत.

वाचताना मला शिखरजी आठवत राहिलं. आपली वंदना 27 किलोमीटरची: नऊ चढण, नऊ टोंकांवरून, नऊ उतरण. मध्यरात्री उठायचं, अनवाणी निघायचं, गंधर्व नाला, सीतानाला मागे टाकत पारसनाथांच्या टोंकापर्यंत जायचं. वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले. आपल्यासाठी तो डोंगर जिंकायचा नाहीच. तरी "तुझी वंदना किती तासांत झाली?" हे आपण एकमेकींना विचारतोच ना! मला तर डोलीवाले आठवतात. म्हाताऱ्या आजींना खांद्यावर घेऊन तोच सगळा रस्ता ते चालतात. घरी आल्यावर आपण आजींची वंदना झाली म्हणतो. डोलीवाल्याचं नावही कोणी विचारलेलं नसतं. योसेफ मॅट त्यांच्याच जातकुळीचा.

हे सगळं आज लिहायचं कारण आमच्याच घरात आहे. लेकीला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स करायचा आहे. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला हे कशाला? हे गप्प आहेत. मला भीती दोरीची नाही, दोर बांधायला शिकवतात. भीती वाटते ती तिच्या स्वभावाची. कोणी मागे राहिलं तर ही थांबणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. तसं तिला आम्हीच वाढवलंय. आता तेवढ्यासाठी तिला घरी ठेवू?

फॉर्मवर मी सही केली आहे. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, काल मात्र स्वतःच राजगिऱ्याचे लाडू किती दिवस टिकतात ते विचारत होत्या. कंदमुळं नकोत आणि सूर्यास्ताआधी जेवण हवं, हे तिथे कसं जमवायचं, याचा विचार चालू आहे. खाखरे आणि मेतकूट तर देणारच आहे. तुमच्यापैकी कोणाची मुलं अशा कॅम्पला गेली असतील, तर त्यांनी संध्याकाळच्या जेवणाचं काय केलं ते मला नक्की सांगा.