कुर्ल्याच्या गल्लीत अब्बांची गाडी

फज्रची नमाज झाली, अम्मीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी डब्यात बांधून दिली आणि आम्ही बापलेक खेडहून निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी अब्बा. कशेडीचा घाट आता बोगद्यातून काही मिनिटांत सरतो. पोलादपूर, महाड, माणगाव मागे पडले. वडखळला चहा झाला. अब्बा एरवी रस्ताभर मला गिअर, ब्रेक आणि आरसा शिकवत असतात. त्या दिवशी ते गप्प होते. त्यांचा हात अधूनमधून समोरच्या लाकडी पट्टीवरून फिरत होता.

अब्बांनी कुवेतमध्ये एका घराण्याकडे चालक म्हणून १८ वर्षे काढली. दुसऱ्याची मर्सिडीज पुसली, चालवली, पोरांना शाळेत सोडले. कायमचे गावी परतल्यावर त्यांनी तशीच एक जुनी गाडी घेतली, १९९६ सालची, पुण्यात बांधलेली. या कंपनीच्या गाड्यांची आपल्याकडे जुळणी १९९५ मध्ये पुण्यातच सुरू झाली होती. गावात लोक हसले. अब्बा म्हणाले, "इतकी वर्षं मालकासाठी मागचा दरवाजा उघडला. आता तुमच्या अम्मीसाठी उघडतो." मी गाडी शिकले ती याच स्टिअरिंगवर.

आता अब्बांचे वय ७६. साखरेने डोळे अधू केले, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे, तिच्या फीची तजवीज करायची आहे. अब्बांनी स्वतःच विषय काढला, "गाडी विकू या." पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या हौसेने बाळगतात. ते येऊन पाहून गेले. इंजिनाचे कौतुक केले, पण दार उघडून आत बसताच त्यांचा चेहरा उतरला. चालकाच्या सीटची बाहेरची कड फाटलेली, शिवण उसवलेली, लाकडी पट्ट्यांवरच्या रोगणाला तडे. "आतलं काम करून घ्या, मग किमतीचं बोलू," एवढे सांगून ते गेले. म्हणून हा कुर्ल्याचा प्रवास.

पनवेल, वाशीचा पूल, चेंबूर करत आम्ही कुर्ला पश्चिमेला पोहोचलो. खालांच्या घरी सामान टाकले आणि सीएसटी रोडला गेलो. ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांना एवढेच सांगते, की मोटारीचा असा एकही अवयव नसेल जो इथे लटकलेला दिसत नाही. दारे, बंपर, आरसे, दिवे, सायलेन्सर, सगळे दुकानांच्या तोंडाशी रचलेले. जवळूनच मिठी नदी वाहते, विहार आणि पवईच्या तलावांकडून येऊन माहीमच्या खाडीकडे जाणारी. मुख्य रस्त्यावर सुट्या भागांची दुकाने, आतल्या गल्ल्यांत कारागीर. कुणी फक्त काचा बसवतो, कुणी फक्त पत्रा ठोकतो. आम्हाला हवा होता सीटवाला, आणि लाकडाचे पॉलिश जाणणारा.

खालांच्या ओळखीने ज्या उस्तादांकडे गेलो त्यांचा गाळा जेमतेम एका गाडीपुरता. भिंतीला आरी, रापी, दोऱ्यांची रिळे, रंगांच्या बाटल्या. अब्बांनी सलाम केला. उस्तादांनी जवाब दिला, अब्बांना स्टूल दिले, मला म्हणाले, "बेटी, आधी सगळे दरवाजे उघड. गाडी जरा श्वास घेऊ दे."

मग ते सीटपाशी बसले. कापडाचा ओला बोळा घेऊन त्यांनी मधला भाग आणि बाजूचा भाग आळीपाळीने पुसला, बोटाने दाबला, कडेची फाटलेली जागा उलटून पाहिली. "मधलं खरं कातडं आहे. बाजूचं आणि मागचं रेक्झिन." अब्बा चपापले. इतकी वर्षे ते सगळेच कातडे समजत होते. उस्ताद हसले, "चाचा, बहुतेक गाड्यांत असंच असतं. जिथं माणूस टेकतो तिथं कातडं, बाकी रेक्झिन." त्यांनी आम्हाला फरक दाखवला. कातडे दाबले की सुरकुत्या बारीक आणि वेड्यावाकड्या पडतात, रेक्झिन एकसारखे दबते. फाटलेल्या कडेला कातड्याची लव दिसते, रेक्झिनखाली विणलेले कापड.

"तेल कोण लावतं?" त्यांनी एकदम विचारले.

अब्बांनी हात वर केला. दर ईदच्या आधी ते सीटवर खोबरेल चोळत. घरात कोल्हापुरी चपलेला चोळतात, म्हणून गाडीलाही. उस्तादांनी समजावले, की मोटारीच्या कातड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक थर असतो. तेल आत नीट जिरत नाही, वर राहून धूळ धरते, शिवणीत उतरते, आणि पुढे रंग द्यायचा म्हटला तर तो धरत नाही. स्टिअरिंगचा जो काळा तुकतुकीतपणा अब्बांना चमक वाटत होता, तो घाम आणि मळ होता. साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रश फिरवला तसा फेस तपकिरी झाला आणि खालून मूळचा राखाडी रंग दिसू लागला. अब्बा स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिले.

काम आठ दिवसांचे ठरले. अब्बांनी खेडला परत जायचे नाही म्हटले. रोज सकाळी आम्ही गल्लीत जायचो आणि ते स्टुलावर बसून काम पाहायचे. जे पाहिले ते लिहिते. घरोघरी जुन्या गाड्या आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

फाटलेल्या जागी उस्तादांनी वरून ठिगळ लावले नाही. दबलेला फोम बदलला, छिद्राच्या आत, कातड्याच्या खालून, पातळ कापडाची पट्टी सरकवून लवचीक गोंदाने चिकटवली. मग वरच्या खाचेत भराव भरला. तोही एकदम नाही, नखाएवढ्या पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन, बारीक पॉलिश पेपरने घासून. जाड भराव बसताना-उठताना पुन्हा फुटतो. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून नव्या पॉलिएस्टर दोऱ्याने शिवली. नवी भोके पाडली तर कातडे तिकिटासारखे त्या रेषेत फाटते. रंग त्यांनी पाच बाटल्यांतून मिसळला आणि आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर लावून वाळवला. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. पसंत पडल्यावर पहिला हात स्पंजाने, पुढचे स्प्रेने, शेवटी कमी चमकेचा पारदर्शक थर. "जास्त चमकलं की समजावं, कुणीतरी काहीतरी लपवलंय," ते म्हणाले.

लाकडाचे काम त्यांचे भाऊ करत. ते मूळचे फर्निचरचे पॉलिशवाले. गिअरभोवतीच्या आणि दारांवरच्या पट्ट्या त्यांनी एकेक करून काढल्या, मागे खडूने क्रमांक घातले. हे पट्टेदार लाकूड झेब्रानो, पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांतले. पण पट्टी अखंड लाकडाची नसते. पायावर चिकटवलेला विनिअरचा पापुद्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि त्यावर काचेसारखा जाड रोगणाचा थर. उन्हाने तो थर पिवळा पडतो, तडकतो. आपल्या कोकणातली दमट हवा त्या तड्यांतून आत शिरते आणि पापुद्रा उचलते. घाईने पॉलिश पेपर मारला तर रोगणाबरोबर लाकूडही जाते. भाऊ हीट गन दुरून फिरवत, रोगण मऊ झाले की बोथट पात्याने खरवडत. एका कोपऱ्यातला टवका उडाला होता. तिथे त्यांनी जुन्या पट्टीचा तुकडा रेषा जुळवून बसवला. मग रोगणाचे नऊ हात दिले. मधे मधे पाण्याचा पेपर, आधी १००० नंबर, मग १५००, मग २०००. शेवटी कापडाने पॉलिश.

चौथ्या दिवशी गालिचा काढला तेव्हा खाली, सीटच्या रुळांजवळ, गंज निघाला. २०२१ च्या जुलैत खेडला जगबुडीचे पाणी शिरले तेव्हा आमच्या अंगणातही घोटाभर आले होते. गाडी उंचावर नेली असे आम्ही समजत होतो. ती पुरती वाचली नव्हती.

उस्ताद गंजाकडे बघत थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी २६ जुलै २००५ ची गोष्ट काढली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली, कुर्ला आणि कलिना पाण्याखाली गेले. त्यांच्या त्या वेळच्या मालकाच्या गाळ्यात छातीभर पाणी होते. "नंतर कित्येक महिने फक्त भिजलेल्या गाड्या आल्या. हे काम मी तेव्हाच शिकलो. सीट वाळवायची, बुरशी काढायची, लाकूड पुन्हा चिकटवायचं. आणि तेव्हाच दुसरंही शिकलो. काही लोक येऊन सांगायचे, आतून असं कर की पाणी लागलंच नव्हतं वाटलं पाहिजे. मी पोरगा होतो. केलं." त्यांनी हातातली रापी पुसली. "एक गाडी सहा महिन्यांनी परत आली. घेणारा मास्तर होता, कर्ज काढून घेतलेली. वायरी सडलेल्या. त्याला माहीत नव्हतं की ती मीच सजवली होती."

भिजलेली गाडी कशी ओळखायची तेही त्यांनी दाखवले. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहावी. सीटचे रूळ आणि बोल्ट तपासावेत. गालिचा उचलून नाकाने वास घ्यावा. जुन्या गाडीत फक्त गालिचाच कोरा नवा असेल तर कारण विचारावे.

मग त्यांनी सरळ विचारले, "चाचा, गंज घासून, रंग मारून, वर नवा गालिचा टाकतो. कुणाला दिसणार नाही. की सांगणार?"

मी अब्बांकडे पाहिले. खरे सांगते, माझ्या मनात मुलीची फी होती. पुण्याचे गृहस्थ गालिचा उचलून थोडेच पाहणार होते? आम्ही तरी कुठे जाणूनबुजून काही केले होते?

अब्बा म्हणाले, "घास. रंगही मार, गंज वाढता कामा नये. पण गालिचा जुनाच टाक. मी त्यांना उचलून दाखवीन." थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "बाजारातल्या धान्याच्या ढिगाची गोष्ट तू शाळेत मुलांना सांगतेस ना?" ती गोष्ट मला कोण विसरू देईल? पैगंबर (स.) यांनी ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, आणि त्यांनी व्यापाऱ्याला विचारले की ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. मी मान खाली घातली. जोहरची अजान झाली. गल्लीतली शटर्स अर्धी खाली आली आणि अब्बा उस्तादांच्या खांद्याला धरून मशिदीकडे गेले.

आठव्या दिवशी गाडी तयार झाली. आत बसले तर नवी वाटली नाही, आणि तेच मला आवडले. नीट जपलेली जुनी गाडी वाटली. लाकडाचे पट्टे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत ओळीत होते. ठरलेले २८ हजार अब्बांनी मोजून दिले. उस्तादांनी उरलेला रंग एका छोट्या बाटलीत भरला, वर तारीख लिहिली आणि म्हणाले, "ही गाडीबरोबरच जाऊ द्या. पुढच्याला लागेल." शिवाय तीन सूचना दिल्या. सीटला दोन दिवस पाणी लावू नये, तेल कधीच नाही, आणि उभी करताना पुढच्या काचेवर पडदा टाकावा.

पुण्याचे गृहस्थ पुढच्या रविवारी आले. अब्बांनी कुर्ल्यात बसून कागदावर आपल्या हाताने यादी केली होती. कुठे भराव आहे, कुठे कातडे नसून रेक्झिन आहे, लाकडाचा कोणता कोपरा जोडलेला आहे. शेवटची ओळ होती, पुराचे पाणी, गंज. त्यांनी ती वाचून दाखवली, गालिचा उचलला, बाटली हातात दिली. गृहस्थांनी बोलीतून २० हजार कमी केले. अब्बांनी मान डोलावली. फीमध्ये तेवढी तूट आली, ती मी पतपेढीतून भागवली.

किल्ली देण्याआधी अब्बांनी अम्मीला हाक मारली, मागचा दरवाजा उघडून धरला आणि तिला जगबुडीच्या पुलापर्यंत फिरवून आणायला मला सांगितले. ते स्वतः पुढे, माझ्या शेजारी बसले. परत आल्यावर स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, तो रुमालाने पुसला आणि किल्ली त्या गृहस्थांच्या हातात ठेवली.